हे कुठून आलं, बेटा?

हैदराबादच्या जुन्या मराठी माणसांच्या एका पिढीला इंग्रजी दोनदा शिकावं लागलं. पहिल्यांदा निजामाच्या राज्यात, उर्दूच्या आडून. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात इतिहासापासून वैद्यकापर्यंत सगळं उर्दूत शिकवत. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणायला ‘दारुल तर्जुमा’ हे वेगळं खातं होतं. इंग्रजी सक्तीची होती, पण एक विषय म्हणून. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं आणि विद्यापीठाचं माध्यम बदलून इंग्रजी झालं. कचेऱ्यांतले कागदही इंग्रजीत यायला लागले. ज्यांनी उर्दूत पदव्या घेतल्या होत्या त्यांनी पंचविशीत पुन्हा श्रीगणेशा केला. माझे सर या पिढीतले. मूळचे परभणी जिल्ह्यातले. घरात मराठी, शाळेत उर्दू, गल्लीत तेलुगू आणि दखनी, आणि पोटापाण्याला शेवटी इंग्रजीची मास्तरकी.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. छापील कौतुकाचा त्यांना मनापासून संकोच वाटे. दाराला नावाची पाटीसुद्धा त्यांनी कधी लावू दिली नाही. काचीगुडा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, चप्पल बाजाराच्या बाजूला त्यांचं घर होतं. संध्याकाळी तिथल्या ओसरीवर ज्याला इंग्रजी सुधारायचं आहे त्याने यावं, अशी पद्धत होती. फी नव्हती. पायरीवर चपला बघूनच आज किती जण आलेत ते कळायचं.

१९८४ साली लग्न होऊन मी नांदेडहून बरकतपुऱ्यात आले. मराठी घेऊन बी.ए. झाले होते. एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालं. तिथे मराठी मजकूर सणासुदीला, इंग्रजी रोजचा. आमच्या आत्यासासूबाई म्हणाल्या, “चल, तुला मास्तरांकडे घेऊन जाते. हैदराबादेत निम्म्या मराठी घरांचे अर्ज त्यांनीच दुरुस्त केलेत.”

त्या पहिल्या संध्याकाळी ओसरीवर उदगीरची एक नर्स होती, रेल्वेतले एक तेलुगू गृहस्थ होते, आणि सौदीला जायची तयारी करणारा मलकपेठचा एक मुलगा. नर्सने वहीत लिहिलं होतं, ‘आय हॅड गॉन टू द हॉस्पिटल येस्टर्डे.’ मी शाळेत पाहिलेल्या कुठल्याही मास्तरांनी ‘हॅड गॉन’वर काट मारून वर ‘वेंट’ लिहिलं असतं आणि वही परत दिली असती. सरांनी लाल पेन खाली ठेवलं.

“हे कुठून आलं, बेटा?”

ती गप्प. तिला वाटलं, आता ओरडणार.

“हेच मराठीत सांग बरं.”

“मी काल हॉस्पिटलला गेले होते.”

“आणि नुसतं ‘गेले’ का नाही म्हणालीस?”

तिने विचार केला. “गेले म्हटलं की अजून तिकडेच आहे असं वाटतं. मी तर परत आलेय.”

“शाब्बास. मराठीत तू अगदी बरोबर बोललीस. आपलं ‘होते’ सांगतं की जाऊन आले, ते काम आटोपलं. इंग्रजीचं ‘हॅड’ ते सांगत नाही. ते सांगतं की दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली ही आधीची. दुसरी गोष्ट कुठाय तुझ्या वाक्यात? नाही ना? मग ‘वेंट’. आणि परत आल्याचं काय? ते ‘येस्टर्डे’ शब्दानेच भागतं.”

मग मलकपेठच्या मुलाकडे वळून त्यांनी तीच गोष्ट उर्दूत सांगितली, कारण ‘गया था’चं तिथेही तेच आहे. वर त्याला बजावलं की हैदराबादी ‘परसों’ इंग्रजीत जसाच्या तसा नेऊ नकोस. आपल्या दखनीत मागच्या महिन्यातली गोष्टही ‘परसों’ झालेली असते. तिकडचा साहेब मात्र बरोबर दोन दिवस मोजेल.

‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. चूक हवेतून येत नाही, ती कुठल्या तरी बरोबर गोष्टीतून येते, अशी त्यांची खात्री होती. दुरुस्त करायच्या आधी ती बरोबर गोष्ट शोधायची. ज्याची वही तपासायची त्याच्या घरची भाषा तपासणाऱ्याला यायला हवी. ती येत नसेल तर निदान विचारायची तरी तयारी हवी. व्याकरणाच्या उजळणीकडे बघायची ही दृष्टी मला सरांकडून मिळाली. गेली कित्येक वर्षं माझं घर शाळांच्या व्याकरण-पुस्तकांच्या संपादनावर चाललं आहे, आणि त्या कामात माझं म्हणून जे काही आहे ते त्या ओसरीवरचं आहे.

काकूंचं ऋण वेगळं सांगायला हवं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीचं अक्षरही त्यांना येत नव्हतं. पण मराठीचा निवाडा करायचा असला की सर आत हाक मारत. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं, हा आपल्याकडच्या प्रत्येकाचा घोळ. मराठीत ही उपपदं नाहीत, त्यामुळे ती पाठ करा, असं सगळे सांगतात. सर म्हणत, उपपद नसेल, पण ‘कुठलीतरी’ आणि ‘ती ठरलेली’ हा भेद मराठी माणूस रोज करतो. एकदा त्यांनी ओसरीवरून विचारलं, “अहो, ‘आम्ही मुलगी पाहिली’ आणि ‘आम्ही मुलीला पाहिलं’, यात फरक काय?”

आतून पोळपाटाचा आवाज थांबला. काकू म्हणाल्या, “मुलगी पाहिली म्हणजे स्थळ बघायला गेलात. मुलीला पाहिलं म्हणजे ती ओळखीचीच, कुठेतरी दिसली.”

“ऐकलंत?” सर आमच्याकडे वळले. “पहिली ‘अ गर्ल’, दुसरी ‘द गर्ल’. काकूंनी ‘ला’ लावून जे केलं ते इंग्रज ‘द’ लावून करतो.”

हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. निर्जीव वस्तूला आपण सहसा ‘ला’ लावत नाही, सूर्य-चंद्राला इंग्रजीत ‘द’ लागतं त्याचा याच्याशी संबंध नाही, आणि नद्या-पर्वतांचं पाठच करावं लागतं. पण त्या दिवसापासून आमच्यातल्या कुणालाही उपपद ही परक्याची लहर वाटली नाही. आजही शिक्षकांसमोर बोलताना मी या दोन वाक्यांपासून सुरुवात करते, आणि मागच्या बाकावरच्या बायका पहिल्यांदा हसतात व मग वही काढतात.

सरांकडे लाल कापडी बांधणीची लांबट रजिस्टरं होती. मराठीचं एक, तेलुगूचं एक, उर्दूचं एक, आणि चौथ्यावर लिहिलं होतं ‘इंग्रजीचंच’. चौथ्यात त्या चुका, ज्या मातृभाषेतून येत नाहीत, अर्ध्या शिकलेल्या नियमातून येतात. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ हे त्याचं ठळक उदाहरण. मराठीत प्रश्न असो वा विधान, ‘तो कुठे आहे’ हा क्रम हलत नाही. म्हणजे ही चूक मराठीची नाही. प्रश्नात क्रियापद पुढे घ्यायचं हे मुलाने मन लावून शिकलेलं असतं, आणि प्रश्नार्थक शब्द दिसला की तो ते करतो. अशा मुलाला मराठीशी तुलना करून दाखवण्यात अर्थ नाही. त्याला सांगायचं की तू शिकलास ते खरं आहे, फक्त इथे प्रश्न विचारलेलाच नाही.

प्रत्येक पानावर रकाने आखलेले होते. वाक्य, ते लिहिणाऱ्याची भाषा, त्या भाषेत ते कसं म्हणतात, सरांनी काय समजावलं, आणि शेवटचा अरुंद रकाना, ज्यात फक्त ‘पटलं’ किंवा ‘नाही पटलं’. ‘नाही पटलं’ असेल तिथे काही महिन्यांनी दुसऱ्या शाईत नवं स्पष्टीकरण लिहिलेलं असे. काही वाक्यांसमोर तीन तीन शाया आहेत. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे त्यातलंच एक. आपण ‘दहा वर्षांपासून राहतो’ म्हणतो, वर्तमानकाळ वापरतो आणि त्यात काही चुकीचं नाही. इंग्रजीला मात्र तिथे मागची दहा वर्षं क्रियापदातच हवी असतात. हे समजावणं सोपं नाही. मलाही ते अजून दरवेळी साधतं असं नाही.

तेलुगूच्या रजिस्टरातली एक नोंद मला विशेष आवडते. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. समोरच्याला धरून की सोडून, ते लगेच कळतं. तेलुगूतही ‘मनं’ आणि ‘मेमु’ असे दोन आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. रेल्वेतल्या त्या गृहस्थांनी वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात ‘वी शुड गो टू विजयवाडा’ असं होतं, आणि त्यात साहेबही आले का, हे पत्रावरून कळत नव्हतं. सरांनी त्यासमोर लिहिलं आहे की इथे मराठी आणि तेलुगू दोघी श्रीमंत आहेत आणि इंग्रजी गरीब. म्हणून इथे शब्द वाढवून सांगावं लागेल. चुकांच्या वहीत इंग्रजीची उणीव नोंदवणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

ही शिस्त त्यांनी एका संस्थेतून आणली होती आणि तिथलाच एक नियम मोडून वापरली. १९५८ साली हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. देशभरातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करायचं हा तिचा हेतू. पुढच्याच वर्षी विनायक कृष्ण गोकाक तिचे संचालक झाले. कन्नडचे मोठे कवी, पण मराठी मुलखालाही ओळखीचे: पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवलं होतं, सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे ते प्राचार्य होते. १९७२मध्ये परकीय भाषांची भर पडून संस्थेचं नाव बदललं, तिला सगळे ‘सीफेल’ म्हणायला लागले, आणि २००७पासून ती इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे. साठीच्या दशकात सर तिथे प्रशिक्षणाला गेले. तो काळ रचनापद्धतीचा. हॉर्नबींनी इंग्रजी वाक्यांचे साचे बसवून दिले होते. ते साचे क्रमाने, तोंडी सरावाने घोटून घ्यायचे आणि वर्गात मातृभाषा होता होईल तो आणायची नाही. सरांनी साचे घेतले. क्रम घेतला. मातृभाषेला मात्र ओसरीवर पाट मांडून बसवलं.

त्यांच्या फळीवर पुस्तकं थोडी होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तिची पानं पिवळी पडून सुटी झालेली. रेन आणि मार्टिन. हॉर्नबींचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश. फ्रेडरिक वुड यांचं १९६५ सालचं ‘अ रेमेडियल इंग्लिश ग्रामर फॉर फॉरेन स्टुडंट्स’, म्हणजे शिकून झालेल्या पण पक्कं न झालेल्यांसाठी उजळणीचं व्याकरण. रेन-मार्टिनबद्दल आपल्याकडे भक्ती फार. त्यातले पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच, हे थोड्यांना ठाऊक असतं. त्या पुस्तकातल्या अभ्यासांची बरोबरी आजही अवघड आहे, असं मी मानते. पण ते पुस्तक मराठी मुलगा कुठे अडखळतो हे विचारत नाही. नियम देतं, वाक्यं देतं आणि पुढे जातं. तर्खडकर विचारतात. मराठी वाक्य हातात देऊन ते मुलाला इंग्रजीच्या दाराशी नेतात. आजच्या प्रकाशकांनी त्या पाठमालेला जुनी म्हणून अडगळीत टाकलं, हे मला पटत नाही.

पुष्कळ नंतर मी पिट कॉर्डर यांचा १९६७ सालचा निबंध वाचला, शिकणाऱ्यांच्या चुकांच्या महत्त्वावरचा. चूक ही शिकणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी कोणती व्यवस्था तयार झाली आहे त्याचा पुरावा असते, असं त्यांचं म्हणणं. भाषाशिक्षणात त्या निबंधाने एक नवी शाखा सुरू केली. वाचताना मला लाल रजिस्टरांचे रकाने दिसत होते.

विरामचिन्हांच्या बाबतीत सरांना एक खास आपुलकी होती, आणि तिला कारण होतं. त्यांच्या आजोबांचे कागद मोडीत होते. मोडीत आधी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. शब्दाशब्दांत जागा नाही की कुठे टिंब-स्वल्पविराम नाही. सर स्वतः उर्दूत शिकले. तिथे वाक्य संपलं की टिंब येत नाही, एक लहानशी आडवी रेघ येते. त्या सवयीमुळे त्यांचा इंग्रजी पूर्णविराम शेवटपर्यंत किंचित लांबट यायचा. आणि मराठी छपाईत आज आपण जी चिन्हं वापरतो, त्यांची ओळख करून दिली मेजर थॉमस कँडी यांनी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५०ची. “चिन्हं आपण त्यांच्याकडून घेतली,” सर म्हणत, “पण वापरायला लागलो श्वासाप्रमाणे. वाचताना जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम. इंग्रज तो अर्थासाठीही लावतो. तेवढं आपण घ्यायचं राहिलं.”

हे त्यांनी मलकपेठच्या मुलाच्या अर्जावरून दाखवलं. आपल्या माघारी बँकेचे व्यवहार कुणी बघायचे, ते त्याने लिहून दिलं होतं. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नांदेड’. सरांनी विचारलं, भाऊ किती? तो म्हणाला, एकच. मग ‘ब्रदर’नंतर एक आणि ‘नांदेड’नंतर एक, असे दोन स्वल्पविराम हवेत. ते नसतील तर वाचणारा समजेल की भाऊ दोन-तीन आहेत आणि त्यातला नांदेडचा. मी तेव्हा विचारलं होतं की मराठीत हा भेद कसा दाखवतात. सर खूश झाले. मराठीत ‘जो भाऊ नांदेडला असतो तो’ म्हटलं की अनेकांतला एक निवडला जातो. आणि एकच असेल तर आपण सहज म्हणतो, ‘माझा भाऊ, तो नांदेडला असतो, तो बघेल.’ म्हणजे मराठी जे काम वाक्याच्या रचनेने करते ते इंग्रजी इथे दोन चिन्हांनी करते. छापखान्यात प्रुफं वाचताना माझी नजर यानंतर बदलली. स्वल्पविराम राहिला की मी आधी भाऊ मोजते.

सर १९९९मध्ये गेले. काकू त्यानंतर थोडीच वर्षं होत्या. मुलगा परदेशी स्थायिक, घर विकायचं ठरलं. पुस्तकं वाचनालयाला दिली. रजिस्टरं कुणाला द्यायची हे काकूंनीच सांगून ठेवलं होतं, आणि ती रिक्षातून माझ्या घरी आली.

आज शिकणाऱ्यांचं चित्र बदललं आहे. अमीरपेठेत इंग्रजी बोलायचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. मुलांच्या मोबाइलमध्ये चुकीच्या शब्दाखाली रेघ येते, तिच्यावर बोट ठेवलं की दुरुस्त वाक्य तयार. मी त्याच्या विरोधात नाही. रात्री अकराला अर्ज पाठवायचा असेल तर ते हाताशी हवंच. पण मशिनच्या या कामात सरांचा रकाना नाही. ‘इथे द हवा’ असं ते सांगतं आणि मुलगी मान डोलावते. पुढच्या अर्जात ‘द’ पुन्हा गायब. तिला कुणी विचारलेलं नसतं की तुझ्या घरी हे कसं म्हणतात. मराठी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही बोलणाऱ्या या शहरात हे विचारणारी माणसं सहज तयार होऊ शकतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला जागा द्यावी, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. शाळेच्या एका पुस्तकमालेत शिक्षकांसाठी मराठी टिपा घालाव्यात म्हणून मी भांडले होते, तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकात मराठी कशाला, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या एका मालेत त्या गेल्या, आणि शिक्षकांची पत्रं आली ती नेमकी त्या टिपांबद्दल.

रजिस्टरं छापावीत अशी माझी इच्छा आहे. मराठीचं आणि ‘इंग्रजीचंच’ हे चौथं टाइप करून झालं आहे. लिहिणाऱ्यांची नावं गाळली, वाक्यं आणि रकाने तसेच ठेवले, ‘नाही पटलं’सुद्धा. तेलुगूच्या कामाला वरंगळच्या एक शिक्षिका रविवारी येतात. त्यांनी सरांची काही स्पष्टीकरणं आजच्या तेलुगूप्रमाणे बदलायला सुचवली आहेत, तीही शेजारी वेगळ्या रकान्यात घेतोय. उर्दूच्या रजिस्टराला अजून कुणी मिळालेलं नाही. मला उर्दू बोलता येते, वाचता येत नाही, आणि सरांचं अक्षर घाईचं, शिकस्ता या जलद लेखनशैलीकडे झुकणारं. असं अक्षर ज्याला लागतं आणि इंग्रजीचं व्याकरण ज्याने वर्गात शिकवलं आहे, असं कुणी हैदराबादेत असेल तर मला हवं आहे. काम बरंच आहे, आणि ते पान पान समोर ठेवूनच करावं लागेल.